स्नायूंचे बळ आणि मुलाची चाल

मूल वर्षाच्या घरात आले म्हणजे धरून धरून उभे राहू लागते, पांगुळगाडा ढकलू लागते आणि मग एके दिवशी हात सोडून दोन पावले टाकते. घरातील मंडळींना त्या दोन पावलांचे कोण कौतुक! चालणे ही क्रिया इतकी सहज भासते की, तिच्यामागे शरीरातील केवढी यंत्रणा राबत असते ह्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो येतो ज्या घरातील मूल दोन वर्षांचे होऊनही पाऊल उचलीत नाही त्या घरात. उभे केले की मुलाच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत, पाय कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकांवर चढतात, लंगोट बदलताना मांड्या फाकता फाकत नाहीत. कोणी म्हणते, मुलाला दृष्ट लागली. कोणी म्हणते, तेल चोळण्यात हयगय झाली. अखेर डॉक्टर निदान सांगतात ते 'सेरेब्रल पाल्सी' असे.

गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी अथवा त्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत, म्हणजे मेंदूची घडण चालू असताना, त्याला इजा पोहोचली व त्यामुळे हालचालीवरील ताबा कायमचा बिघडला, तर त्या अवस्थेस हे नाव देतात. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. तिचे शरीरावरील परिणाम मात्र मुलाच्या वाढीबरोबर पालटत जातात. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे दोन मुले, असे तिचे प्रमाण आजवर सांगण्यात येत असे. संपन्न देशांत अलीकडे ते काहीसे उतरले आहे. ह्या मुलांपैकी दर दहांतील सुमारे आठांच्या स्नायूंत ताठरपणा आढळतो. कोणाचे दोन्ही पाय ताठर असतात, कोणाच्या शरीराची एक बाजू, तर कोणाचे चारही अवयव. कित्येकांना ह्याच्या जोडीला फिट्स येतात किंवा दृष्टीचे वा वाचेचे दोष असतात. परंतु पाय चालत नाहीत म्हणून बुद्धीही चालत नसेल, हा तर्क पुष्कळ मुलांच्या बाबतीत सर्वस्वी चुकीचा ठरतो.

ह्या विकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्याचे श्रेय लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिटल ह्यांना दिले जाते. लिटल ह्यांचा स्वतःचा एक पाय लहानपणीच्या आजारामुळे वाकडा झालेला होता. जर्मनीतील हॅनोव्हर येथे श्ट्रोमायर नावाच्या शस्त्रवैद्याने १८३६ साली त्यांच्या टाचेवरील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, छेदून तो सुधारला. पुढे लिटल ह्यांनी १८४३ साली दिलेल्या व्याख्यानांत ताठर अवयवांच्या मुलांचे वर्णन केले, आणि कष्टाची प्रसूती, अकाली जन्म व जन्मतः श्वास कोंडणे ह्यांशी त्या ताठरपणाचा संबंध असल्याचे १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. अनेक वर्षे हा विकार 'लिटलचा रोग' ह्याच नावाने ओळखला जाई. मनोविश्लेषणासाठी जगप्रसिद्ध झालेले व्हिएन्नाचे फ्रॉइड हे आरंभी मज्जासंस्थेचे वैद्य होते. त्यांनी ह्याच विषयावर १८९७ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि कष्टाची प्रसूती हे कधीकधी मूळ कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे ते एक चिन्ह असावे, असा विचार मांडला.

लिटल ह्यांच्या काळापासून वैद्यांच्या व पालकांच्या डोळ्यांत भरला तो ताठरपणा. पाय ओढून सरळ करावयास जावे तर तो जोराने विरोध करतो. तेव्हा स्नायूंत शक्ती नको तितकी आहे आणि ती ढिली करणे हाच उपाय, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. परंतु ही समजूत निम्मीच खरी आहे. दाराची बिजागरी गंजली म्हणजे दार उघडताना जोर लावावा लागतो. तेवढ्यावरून बिजागरी बळकट झाली असे कोणी म्हणत नाही. स्नायूचा ताठरपणा आणि स्नायूचे बळ ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकच स्नायू एकाच वेळी ताठरही असू शकतो व दुर्बळही.

हे कसे घडते ते पाहावयास हवे. स्नायूने आकुंचन पावावे ही आज्ञा मेंदूच्या वरच्या थरातून निघते आणि लांबच लांब तंतूंवाटे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचते. तेथून दुसरे तंतू ती स्नायूकडे नेतात. मेंदूकडून येणारे हे संदेश स्नायूला कामास लावतात, त्याचप्रमाणे मज्जारज्जूतील उतावळ्या प्रतिक्रियांना आवरही घालतात. तंतूंना इजा झाली की दोन्ही कामे बिघडतात. आवर सुटल्यामुळे स्नायू जरा ताणला जाताच उसळून आखडतो; हा ताठरपणा. आणि आज्ञा अपुरी पोहोचल्यामुळे, मुलाने मनापासून प्रयत्न केला तरी स्नायूतील सर्व तंतू कामाला लागत नाहीत, ही दुर्बळता. एकाच इजेची ही दोन फळे आहेत. अकाली जन्मलेल्या मुलांत पायांचीच अधिक हानी का होते, ह्याचे उत्तरही ह्या रचनेत सापडते. मेंदूच्या आतील पोकळ्यांभोवतीचा भाग अशा बालकांत फार नाजूक असतो, आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके ह्या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून उतरतात.

एवढ्याने भागत नाही. वर्षे लोटतात तसतसा स्नायूच्या घडणीतही फरक पडतो. हाडे लांबतात, स्नायू मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. पोटरीचा स्नायू समवयस्क मुलाच्या मानाने बारीक राहतो आणि त्यात चिवट संयोजक तंतूंचा भरणा अधिक होतो. स्नायूच्या वाढीस व दुरुस्तीस लागणाऱ्या राखीव पेशीही त्यात कमी असल्याचे आढळले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्या मुलांच्या मांडीमागील आखडलेले स्नायू तपासले, तेव्हा स्नायू बाहेरून आखूड असला तरी त्यातील सूक्ष्म आकुंचक घटक अतोनात ताणलेले आहेत असे दिसून आले. ह्याचा अर्थ समजण्यास आपल्याच दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून पाहावीत. ती मुळापर्यंत गुंफलेली असताना पकड घट्ट असते; केवळ टोके टेकतील इतकी ओढली की पकड जाते. स्नायूतील धागेही असेच एकमेकांत गुंतून जोर निर्माण करतात. ते फार ताणले गेले म्हणजे आज्ञा येऊनही जोर उत्पन्न होत नाही.

अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत ह्या मुलांच्या पायांतील निरनिराळ्या स्नायूंचे बळ उपकरणाने तपासण्यात आले. तपासलेला प्रत्येक स्नायू निरोगी मुलांच्या मानाने दुर्बळ निघाला. खुब्यापेक्षा घोट्याकडे ही उणीव अधिक होती. आणि ज्यांची एकच बाजू बिघडलेली होती, त्यांची जी बाजू 'चांगली' म्हणून समजली जाई, तीही पूर्ण बळाची नव्हती.

आता चालण्याकडे वळावयाचे. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला काही क्षण त्याचा सारा भार एका पायावर येतो. त्या वेळी खुब्याच्या बाहेरील बाजूचे स्नायू कंबर एका बाजूस कलू देत नाहीत. मांडीपुढील स्नायू गुडघा मोडू देत नाहीत. आणि पोटरीचा स्नायू नडगीला बेताने पुढे झुकू देऊन शेवटी टाचेला उचलतो व शरीराला पुढे रेटा देतो. पोटरी दुर्बळ असली तर नडगी पुढे कोसळते, त्याबरोबर गुडघा वाकतो, आणि मग सारा बोजा मांडीच्या स्नायूंवर पडतो. कोणाही धडधाकट माणसाने गुडघे थोडे वाकवून पाच मिनिटे उभे राहून पाहावे, म्हणजे मांड्या कशा भरून येतात त्याचा प्रत्यय येईल. हे मूल दिवसभर त्याच अवस्थेत वावरत असते. ह्या मुलांना चालण्यासाठी निरोगी मुलाच्या दुप्पट-तिप्पट शक्ती खर्चावी लागते, असे मोजमापांवरून आढळले आहे. शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचतानाच थकून गेलेल्या मुलावर आळसाचा आरोप करणे किती अन्यायाचे आहे, हे ह्यावरून उघड होईल.

दुर्बळता इतकी स्पष्ट असता बळ वाढविण्याचे व्यायाम पूर्वीच का सुरू झाले नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. १९४० नंतरच्या दशकात लंडनमध्ये कारेल बोबाथ हे डॉक्टर व त्यांच्या पत्नी बर्टा बोबाथ ह्यांनी ह्या मुलांसाठी एक उपचारपद्धती बसविली. मुलाच्या शरीराची ठेवण व हालचाल हळुवारपणे हाताळावी, चुकीच्या प्रतिक्रिया दाबाव्यात, हा तिचा गाभा. ह्या दांपत्याने असंख्य मुलांना आपुलकीने सांभाळले व त्यांची पद्धती जगभर पसरली. परंतु तिच्याबरोबर एक धास्तीही पसरली. ताठर स्नायूकडून वजन उचलण्यासारखे जोराचे काम करून घेतले तर त्याचा ताठरपणा वाढेल, अशी ती धास्ती होय. तिच्यापायी कित्येक दशके मुलांना जोराच्या व्यायामापासून दूर ठेवण्यात आले.

ह्या समजुतीची परीक्षा झाली ती १९९० नंतरच्या दशकात. अमेरिकेत डायान डॅमियानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकलेल्या गुडघ्यांनी चालणाऱ्या मुलांकडून सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांडीपुढील स्नायूंचे वजनाचे व्यायाम करविले. १९९५ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले: बळ चांगलेच वाढले, चालताना गुडघा थोडा अधिक सरळ झाला आणि ढांगही लांबली. अशा व्यायामानंतर ताठरपणा वाढतो की काय, हे २००१ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी मुद्दाम मोजून पाहिले. तो वाढला नव्हता. जुनी धास्ती निराधार ठरली.

आता बळ वाढवावे आणि मुलाने चालावे, इतके हे सोपे आहे असे वाटू लागले. पण पुढील प्रयोगांनी ह्या आशेलाही मर्यादा घातली. नेदरलंड्समध्ये २०१० साली आणि ऑस्ट्रेलियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही मुलांना क्रमाक्रमाने वाढत्या वजनाचे व्यायाम देण्यात आले व इतरांना नेहमीचेच उपचार चालू ठेवले. दोन्हीकडे बळ वाढले. मोजपट्टी लावून पाहिलेली चाल मात्र सुधारली नाही, जरी ऑस्ट्रेलियातील तरुणांना स्वतःला आपण अधिक सहज वावरतो असे वाटले. इंग्लंडमध्ये पोटरीच्या स्नायूंपुरताच केलेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही चालण्यात होणारा शक्तीचा व्यय घटला नाही.

ह्यावरून व्यायाम निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तबलजीचे उदाहरण घ्यावे. दंडात बळ नसेल तर तबल्यावर हात टिकणार नाही हे खरे. पण जोर काढून दंड कमावलेल्या पहिलवानाला तेवढ्याने तबला वाजविता येत नाही. तेथे बोट नेमक्या क्षणी पडावे लागते आणि तत्क्षणी उचलावेही लागते. चालण्याचेही तसेच आहे. पोटरीने शरीराला जो रेटा द्यावयाचा, तो सेकंदाच्या लहानशा अंशात द्यावा लागतो. संथपणे वजन उचलण्याच्या सरावाने ती चपळाई येत नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत वेगाने जोर लावण्याचा सराव केलेल्या मुलांची चाल जलद झाली, केवळ संथ व्यायाम केलेल्यांची झाली नाही. नेदरलंड्समध्ये चार ते दहा वर्षांच्या मुलांकडून भार घेऊन चालण्याचे, पळण्याचे व ढकलण्याचे जलद व्यायाम करून घेतले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बळ आणि चालण्याची कुवत ही दोन्ही वाढल्याचे दिसून आले. हे अभ्यास लहान आहेत. तरी त्यांचा रोख स्पष्ट आहे. बळ हे भांडवल होय. ते चालण्याच्या व्यवहारात गुंतविले तरच त्याचा लाभ मिळतो.

म्हणून व्यायाम मुलाच्या रोजच्या हालचालींशी मिळताजुळता असावा. पाटावरून वा खुर्चीवरून हात न टेकता उठणे, पायरीवर चढणे-उतरणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, चढणीवर चालणे, वजन ठेवलेला गाडा झपाट्याने ढकलणे, ही त्यातील सोपी उदाहरणे. घरातील जुना पांगुळगाडा येथे पुन्हा उपयोगी पडू शकेल. वजन इतके असावे की आठ-दहा वेळा केल्यावर मुलाला खरोखर दमल्यासारखे वाटावे. ते सोपे झाले की भार थोडा वाढवावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एखादा दिवस विसावा देऊन, निदान दोन-तीन महिने हा क्रम चालावा. सांगितलेले समजून करण्याइतके मूल मोठे असावे. त्याहून लहानांसाठी खेळ हाच व्यायाम. कोणता स्नायू दुर्बळ आहे व किती भार झेपेल, हे फिजिओथेरपिस्टने तपासून ठरवावे. आणि व्यायाम सुटला की कमावलेले बळही ओसरते, हे विसरू नये.

इतर उपचारांची योग्यताही ह्याच दृष्टीने पारखता येते. तेल चोळल्याने मुलाला सुख वाटते, आईचा हात लागतो; त्याने बळ येत नाही. दुसऱ्याने दिवसातून थोडा वेळ पाय ओढून धरल्याने आखडणे टळते, ह्यास भक्कम पुरावा नाही. घोट्याला आधार देणारे साचे योग्य मुलाला चालताना मदत करतात. बोट्युलिनम नावाच्या द्रव्याची सुई स्नायूत दिली असता ताठरपणा काही महिने उतरतो. परंतु ती स्नायूला दुर्बळ करूनच हे साधते, म्हणून त्या अवधीत व्यायामाची जोड हवी. टाचेवरील कंडरा शस्त्रक्रियेने लांबविणे काही मुलांना आवश्यकच असते. पण ती प्रमाणाबाहेर लांबविली गेली तर आधीच दुबळी पोटरी निकामी होते, आणि टाचा टेकल्या तरी गुडघे कायमचे वाकतात. टाच टेकली एवढ्यावर समाधान न मानता त्या पायाचा रेटा शाबूत राहील काय, हे पालकांनी आधी अवश्य विचारावे.

'आमचे मूल चालेल काय?' हा प्रत्येक आईबापांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर आता पूर्वीइतके अंधारात नाही. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागणाऱ्या बहुतेक मुलांना पुढे ह्या ना त्या प्रकारे चालता येते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली अशा मुलांच्या पाच पायऱ्या ठरविल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवरील मुले बहुधा आधाराविना चालतात, तिसऱ्यावरील काठी वा वॉकर घेऊन, आणि चौथ्या-पाचव्यांना मुख्यतः चाकांच्या खुर्चीचा आश्रय लागतो. ऑन्टॅरिओ प्रांतातील ६५७ मुलांवर नजर ठेवून २००२ साली त्यांनी दाखविले की, मूल आपल्या पायरीच्या कमाल कुवतीचा सुमारे नऊ-दशांश भाग पाच वर्षांच्या आतच गाठते. व्यायामाने पायरी सहसा बदलत नाही. ज्या पायरीवर मूल आहे तेथे ते अधिक समर्थ होते, आणि मिळविलेले टिकवून धरते.

हे टिकविणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. दहा-बारा वर्षांनंतर मूल झपाट्याने उंच होते. शरीराचे वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर स्नायूचे बळ त्याच्या जाडीवर, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात. सर्व बाजूंनी दुप्पट झालेल्या शरीराचा भार आठपट होतो आणि बळ चौपट. निरोगी मुलाला हा तोटा जाणवत नाही, कारण त्याच्यापाशी बळाची शिल्लक असते. ज्याच्यापाशी शिल्लकच नाही, ते मूल आठव्या वर्षी चालत असून पंधराव्या वर्षी बसून राहू लागते. पालकांना वाटते, आजार वाढला. पुष्कळदा वाढलेला असतो तो भार. म्हणूनच व्यायामाची सवय बालपणीच लागून ती आयुष्यभर टिकावी.

तथापि चालणे हे साधन आहे, साध्य नव्हे, हेही विसरता कामा नये. मित्रांच्या घोळक्यात जाणे, वर्गात वेळेवर पोहोचणे, माठातील पाणी स्वतः उठून घेणे ह्यांसाठी पाय हवे असतात. घरात चालणाऱ्या मुलाने लांबच्या वाटेला चाकांची खुर्ची वापरली तर ती हार मानू नये. वाटेत वाचलेली शक्ती त्याला अभ्यासाला व खेळाला मिळते. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर ह्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापून अशा मुलांच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात ह्या अवस्थेचा नावाने उल्लेख आहे, आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्यात दिलेला आहे. ज्या शाळेचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडाही नाही, तेथे मात्र पायांत कष्टाने आणलेले बळ जिन्यावरच खर्ची पडते. मुलाने आपल्या वाट्याचे बळ कमवावे. वर्ग तळमजल्यावर आणणे आणि जिन्याला कठडा बसविणे, एवढा वाटा मोठ्या माणसांनी उचलावा.